वार खाल्ल्याने रक्त वाढतं का?

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर. बोललोय तसाच, थोडा आवरून लिहिलाय.

परवा भोरहून चुलत बहिणीचा फोन आला. सातवा महिना, रक्त कमी निघालंय. म्हणाली, "दादा, बाळाची वार वाळवून तिच्या कॅप्सूल करून देतात म्हणे. रक्त वाढतं, दूध येतं. जुनी परंपरा आहे. घेऊ का?" मी कोडिंगवाला, डॉक्टर नाही. म्हटलं, वाचून सांगतो.

वार म्हणजे पोटातल्या बाळाला आईच्या रक्तातून प्राणवायू आणि अन्न पोचवणारा अवयव. बाळापाठोपाठ बाहेर पडते, वजन साधारण अर्धा किलो. भोर-वेल्ह्यात हा शब्द गोठ्यात जास्त ऐकू येतो. गाय व्याली की वार पडेपर्यंत कुणीतरी राखण करत बसतं, नाहीतर गाय ती खाऊन टाकते. रीलवाल्यांचा मुद्दा हाच: जनावरं खातात, मग बाईनं का नको?

आधी परंपरेचं बघू. २०१० मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासकांनी जगभरच्या १७९ समाजांच्या नोंदी तपासल्या. आईनं स्वतःची वार खायची रूढ प्रथा त्यांना कुठेच सापडली नाही. आपल्याकडेही घरी बाळंतपणं व्हायची तेव्हा वार पुरायचे, खायचे नाहीत.

आता रक्ताचं. नेवाडा विद्यापीठात २३ बाळंतिणींवर प्रयोग झाला. काहींना वारेच्या कॅप्सूल, बाकीच्यांना सुकवलेल्या मांसाच्या. तीन आठवड्यांनी दोन्ही गटांच्या लोहात म्हणावा असा फरक नव्हता. प्रयोग लहान होता, हे खरं. पण फायदा दिसला नाही, हेही खरं.

आणि धोका? २०१६ मध्ये अमेरिकेत ओरेगॉन राज्यात एका तान्ह्या बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग झाला. उपचार घेऊन घरी गेलं आणि काही दिवसांत पुन्हा आजारी पडलं. आई वारेच्या कॅप्सूल घेत होती. तपासल्या तर त्यांच्यात तेच जंतू! बाळ वाचलं. पण मुद्दा लक्षात घ्या: नुसतं वाळवल्याने जंतू मरतीलच असं नाही.

मग रक्तासाठी करायचं काय? सरकारी गोळी. ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक अॅसिड, गरोदरपणात रोज एक, बाळंतपणानंतरही १८० दिवस. आशाताईंकडे, उपकेंद्रात फुकट मिळते. चहासोबत मात्र घ्यायची नाही, चहाने लोह अंगी लागत नाही. रक्त फारच कमी असेल तर डॉक्टर इंजेक्शनचं ठरवतात. जोडीला नाचणी, अळीव, पालेभाजी आहेच. पण लाडू खाल्ले म्हणून गोळी सोडायची नाही.

हे सगळं बहिणीला सांगितलं. मागून तिच्या सासूबाईंचा आवाज आला, "अगं, आपण गाईलासुद्धा खाऊ देत नाही!"

गोळ्या चालू केल्यात तिनं. तुमच्या घरात कुणी बाळंतीण असेल तर तिला एवढंच विचारा: आजची गोळी घेतली का? भेटू पुढच्या भागात.