गिटारवाल्याचें दुसरें वाद्य

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं एक लहानसा वाद उपस्थित झाला. आमचा पुतण्या आठ वर्षें गिटार वाजवीत आहे. त्यानें आतां सतार शिकण्याचा मनोदय बोलून दाखविला. “अशा धरसोडीनें एकही विद्या साध्य व्हावयाची नाहीं,” असें दादांनीं त्यास बजाविलें. हीच शंका पुष्कळ घरांतून निघत असेल, म्हणून तिचा येथें थोडा विचार करूं.

एक तंतुवाद्य आलें म्हणजे दुसरें आपोआप येतें, हा समज अर्धाच खरा आहे. गिटारीच्या सहा तारा खर्जाकडून ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. शेजारच्या दोन तारांत षड्ज-मध्यमाचें अंतर असतें; फक्त जी व बी यांच्यामध्यें तें षड्ज-गांधाराचें होतें. उकुलेलेच्या चार तारांची जुळणी गिटारीच्या बारीक चार तारांसारखीच असल्यानें बोटांची ओळखीची ठेवण तेथें चालते. मँडोलिन व व्हायोलिन जी, डी, ए, ई अशीं लावतात. म्हणजे गिटारीच्या खर्जाकडील चार तारांचीं नांवेंच उलट क्रमानें! परंतु अंतर षड्ज-पंचमाचें झाल्यामुळें जुनी ठेवण निरुपयोगी ठरते. त्यांतून व्हायोलिनला पडदेच नाहींत. स्वर कानानें शोधावयाचा व गजानें तो धरून ठेवावयाचा.

सतारीची गोष्ट याहून निराळी. तिचे पडदे दोऱ्यानें बांधलेले, कमानदार व सरकविण्याजोगे असतात. एकाच पडद्यावर तार आडवी ओढून चार-पांच स्वरांपर्यंत मींड घेतां येते. गिटारवाल्याचीं निबर झालेलीं बोटें येथें उपयोगी पडतात. पण अनेक तारा एकदम दाबून स्वरसंघ उठविण्याची संवय आड येते.

उलट दिशेचा प्रवासही झालेला आहे. ब्रिजभूषण काब्रा यांनीं गिटार आडवी ठेवून तिच्यावर राग वाजविले. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेंत शिवकुमार शर्मांचें संतूर व हरिप्रसाद चौरसियांची बांसरी यांच्या जोडीला त्यांची गिटार आहे. विश्वमोहन भट्टांनीं गिटारीला तरफांची जोड देऊन मोहनवीणा सिद्ध केली व १९९४ सालीं ग्रॅमी पारितोषिक मिळविलें. याला धरसोड कोण म्हणेल?

मात्र एक पथ्य अवश्य पाळावें. दोन्ही वाद्यांच्या रियाजाच्या वेळा वेगळ्या ठेवाव्या, व नव्या गुरूपुढें जुनें कौशल्य दाखवूं नये. हेंच अधिक कठीण. पहिल्या दिवशीं शिक्षकांनीं पुतण्यास तासभर एका ‘सा’वरच बसविलें. आठ वर्षांची मेहनत जणूं पुसली गेली, असें वाटून तो हिरमुसून घरीं आला व दोन दिवस त्यानें सतारीला हात लावला नाहीं. तिसऱ्या दिवशीं सायंकाळीं दादांनींच आंतून विचारलें, “कां रे, आज ‘सा’ लावावयाचा नाहीं का?”