सतरा पंचेचाळीस म्हणजे नेमकं कुठं?

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आमच्या अपघात विभागात एका खलाशाला आणलं. वय ४४. उजवा हात आणि पाय लुळा, जीभ जड झालेली. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. अशी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आमच्याकडे असतं, पण ते लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यानंतर फायदा कमी आणि मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती जास्त. हा माणूस पोचला तेव्हा सात तास उलटून गेले होते.

"इतका वेळ काय करत होता?" मी तांडेलाला जरा चढ्या आवाजातच विचारलं. त्याचं उत्तर ऐकून माझीच मान खाली गेली.

बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं होतं. मोबाइलला रेंज नव्हती. त्यानं वायरलेसवरून दुसऱ्या एका बोटीला आपली जागा सांगितली. ती बोट रेंजमध्ये आल्यावर तिनं मालकाला फोन केला आणि मालकानं तातडीनं मदतीला बोट सोडली. ती सांगितलेल्या जागी पोचली, तर तिथं नुसतं पाणी. तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर फोन करायचं त्या गडबडीत कुणाला सुचलंच नाही.

तांडेलानं सांगितलं होतं, 'सतरा पंचेचाळीस'. त्याच्या केबिनमधल्या यंत्रावर ते १७ अंश ४५ मिनिटं असं दिसत होतं. किनाऱ्यावर कुणीतरी मोबाइलच्या नकाशात १७.४५ टाकलं. एका अंशाची मिनिटं ६०, म्हणजे ४५ मिनिटं हा पाऊण अंश झाला. टाकायला हवं होतं १७.७५. रेखांशाचीही तीच गत. पण नुसता अक्षांश धरला तरी फरक १८ मिनिटांचा. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. दापोलीच्या समोर असलेल्या माणसाला शोधायला बोट ३३ किलोमीटर दक्षिणेला, गुहागरच्या समोर गेली होती. मच्छीमार बोटीच्या वेगानं हे अंतर दोन तासांहून जास्त. उपचार न झालेल्या अशा झटक्यात मेंदूच्या सरासरी १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात. पुढचा हिशेब मी त्या दिवशी केला नाही.

हे सगळं मला नीट समजावलं ते बंदराजवळच्या एका दुकानानं. दुकान कसलं, घराची पडवीच. वडील पूर्वी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे, आता बोटींवर जीपीएस बसवतात. मुलगा डोलकाठीवर चढून अँटेना लावतो. सून स्क्रीनसमोर बसते आणि फोन घेते, रात्री दोनलासुद्धा. मी विचारलं, "यंत्र असताना बोट सापडत नाही, असं कसं?" म्हातारबाबा हसले. म्हणाले, "डॉक्टर, जीपीएस नुसतं ऐकतं. बोलत नाही."

माझ्यासारखीच ही चूक अनेकांची होते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळेचे संकेत पाठवत राहतात. यंत्र किमान चार उपग्रहांचे संकेत पकडतं आणि ते पोचायला किती वेळ लागला यावरून स्वतःची जागा काढतं. काम संपलं. ती जागा किनाऱ्याला कळवायची तर दुसरा रस्ता लागतो. या कुटुंबाचे स्वस्तातले ट्रॅकर मोबाइलच्या जाळ्यावर चालतात. रेंज गेली की नोंदी साठवतात आणि परत आली की पाठवतात. खोल समुद्रात उपग्रहावरून संदेश धाडणारं यंत्र हवं. इस्रोचं संकटसूचक यंत्र २०१० पासून वापरात आहे. बटण दाबलं की संदेश तटरक्षक दलाकडे जातो. नव्या पिढीच्या यंत्रात 'संदेश मिळाला' हेही बोटीला कळतं, आणि बुडणाऱ्या माणसाचा धीर टिकायला तेवढं फार मोठं असतं. शिवाय एक लाख मच्छीमार नौकांवर दुतर्फा संदेश देणारे ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्येच सुरू झाली.

पण यंत्र बसवलं म्हणजे ते चालू असेलच असं नाही. खारं पाणी जोड खातं. बॅटरी उतरते. कुणी अँटेना पत्र्याखाली सरकवतो, मग तिला आकाशच दिसत नाही. आणि काही तांडेल मुद्दाम बंद ठेवतात, कारण मासळी कुठं लागली हे दुसऱ्याला कळायला नको. मला यात नवल वाटलं नाही. आमचे रुग्णही दारूचं प्रमाण सांगताना असाच स्विच बंद करतात. सुनेनं यावर साधा उपाय काढला आहे. बोटीची जागा ती फक्त मालकाला दाखवते, शेजारच्या मालकाला कितीही गोड बोलला तरी नाही. आता बहुतेक जण यंत्र चालू ठेवतात.

तिचा एक फोन मी समोर बसून ऐकला. "काका, घाई नको. स्क्रीनवर दिसतंय तसंच वाचा. अंश किती? मिनिटं किती? टिंबानंतर काय?" मग तिनं आकडे परत वाचून दाखवले आणि स्क्रीनवरच्या शेवटच्या नोंदीशी ताडून पाहिले. आमच्याकडे रक्त चढवण्याआधी दोघी परिचारिका बाटलीवरचा क्रमांक मोठ्यानं वाचतात, त्याची आठवण झाली.

त्या खलाशाची बोलण्याची अडचण बरीच कमी झाली, हात मात्र परतला नाही. तो आता जेट्टीवर बसून डाव्या हातानं जाळी सांधायला शिकतोय.

पावसाळी बंदी उठायच्या आधी, जुलैअखेरीस, दुकानात पाय ठेवायला जागा नसते. यंदा सून प्रत्येक बोटीच्या केबिनमध्ये एक स्टिकर लावतेय. वर '१५५४'. खाली 'अंश – मिनिटं – टिंबानंतर', आणि रिकामे चौकोन. तिसरी ओळ मी घालायला लावली: 'माणूस शेवटचा ठीक कधी दिसला?' रात्री झोपेत झटका आला तर आमचं घड्याळ तिथूनच सुरू होतं. अक्षरं फार बारीक झाली, अशी म्हातारबाबांची तक्रार आहे. पुढची छपाई मोठी करणार आहेत.