कंट्रोलच्या दुकानातला अंगठा

चंद्रपूरहून वणीकडे निघाले की वर्धा नदी ओलांडण्याआधी घुग्घुस लागते. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी, सिमेंटचा कारखाना, स्पंज आयर्नचा कारखाना आणि त्यांच्या आधाराने वाढलेली वस्ती. बाजारात मराठीच्या बरोबरीने हिंदी कानावर पडते, मधूनच तेलुगू. या गावातल्या कंट्रोलच्या दुकानात, म्हणजे सरकारी भाषेतल्या रास्त भाव दुकानात, बिहारमधल्या एखाद्या खेड्याच्या रेशनकार्डावरही तांदूळ मिळू शकतो. कार्ड गावीच राहिले असले तरी अडत नाही. नंबर सांगायचा, मशीनवर अंगठा ठेवायचा, पावती निघाली की धान्य तोलून घ्यायचे. पैसे द्यायचे नाहीत. किराण्याचा खर्च कमी करायला जगाने कूपनचे असंख्य प्रकार काढले, पण या अंगठ्याच्या तोडीचे कूपन मला तरी दुसरे आढळलेले नाही.

कूपनचा उगम अमेरिकेतला. 1880 च्या दशकाच्या अखेरीस अटलांटा शहरात कोका-कोला नावाचे नवे पेय खपवण्यासाठी चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. चिठ्ठी दाखवली की पाच सेंटचा एक पेला फुकट. 1894 ते 1913 या काळात असे 85 लाख पेले फुकट दिले गेल्याचा अंदाज सांगतात. पुढे सी. डब्ल्यू. पोस्ट या न्याहारीचे धान्य विकणाऱ्या उद्योजकाने एक सेंट सुटीची चिठ्ठी काढली आणि किराण्याचे कूपन सुरू झाले. वर्तमानपत्रातून कूपने कापून ठेवायची, जुळवायची आणि सुपरमार्केटच्या गल्ल्यावर एकदम पुढे करायची, ही तिथल्या गृहिणींची कलाच होऊन बसली.

आपल्याकडे ती कला रुजली नाही. त्याचे एक कारण पाकिटावरच छापलेले असते. 1990 मध्ये नियम बदलले आणि बंद पाकिटावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे सक्तीचे झाले. ही किंमत ग्राहकाच्या डोळ्यांसमोर असल्यामुळे दुकानदाराला तिच्यापेक्षा चार रुपये कमी घेतो म्हणून सांगणे सोपे पडते, वेगळी चिठ्ठी छापायची गरज उरत नाही. आपली मोठी दुकाने चालतात ती या ‘एमआरपीपेक्षा कमी’वर. पण ज्याच्या हातात आठवड्याची मजुरी येते आणि संपते, त्याला पाच किलोच्या पाकिटावरच्या सवलतीचा फारसा उपयोग नाही. तो पाव किलो तेल आणि अर्धा किलो डाळ घेतो, आणि तेवढ्या मालावर योजना नसते.

कोळशाच्या मुलखाचा आणि किराण्याच्या चिठ्ठीचा संबंध मात्र जुना आहे, आणि त्याची सुरुवात चांगली नाही. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या अनेक खाणमालकांनी मजुरांना पगाराऐवजी किंवा पगाराआधी उचल म्हणून कंपनीचे स्वतःचे चलन दिले. कागदाची चिठ्ठी नाहीतर पत्र्याचे नाणे. ते चालायचे कंपनीच्याच दुकानात, आणि तिथला भाव कंपनी ठरवायची. इंग्लंडमध्ये 1831 च्या कायद्याने अनेक उद्योगांतली वस्तुरूप मजुरी बंद केली होती. भारतात 1936 च्या वेतन प्रदान कायद्याने मजुरी चलनी नाण्यांत किंवा नोटांतच द्यावी असे बंधन घातले. घुग्घुससारख्या गावात पगार झाल्यावर कुठल्या दुकानात जायचे हे कामगार स्वतः ठरवतो, त्याचे मूळ या एका साध्या वाटणाऱ्या कलमात आहे.

गंमत अशी की कंपनीच्या चिठ्ठीला सर्वांत मोठे उत्तर मिळाले तेही कोळशाच्याच प्रदेशात. महामंदीच्या काळात, 16 मे 1939 रोजी, अमेरिकन सरकारने रोचेस्टर शहरात अन्नाची तिकिटे सुरू केली. एक डॉलरची नारिंगी तिकिटे विकत घेतली की पन्नास सेंटची निळी फुकट मिळत, आणि निळ्यांवर फक्त शेतकऱ्यांकडे अतिरिक्त झालेला माल घेता येई. 1943 मध्ये योजना थांबली. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी ती पुन्हा सुरू करायला निवडलेल्या जागांपैकी पहिली होती वेस्ट व्हर्जिनियातली मॅकडॉवेल काउंटी, खाणीत यंत्रे आल्यावर बेकारीने पोखरलेला कोळशाचा जिल्हा. 29 मे 1961 रोजी तिथल्या पंधरा माणसांच्या एका कुटुंबाला 95 डॉलरची तिकिटे मिळाली आणि त्यांनी सुपरमार्केटमध्ये जाऊन पहिली खरेदी केली. आज अमेरिकेत हीच मदत प्लास्टिकच्या कार्डावर मिळते.

आपले रेशन वेगळ्या वाटेने आले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला, भाव भडकले, आणि मे 1943 मध्ये मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मेली. युद्धकाळातले नियंत्रण पुढे उठले, पण विदर्भात दुकानाला चिकटलेले ‘कंट्रोल’ हे नाव अजून टिकून आहे. महाराष्ट्रात 1 मे 1999 पासून पिवळी, केशरी आणि पांढरी अशी तीन रंगांची कार्डे आली. 2013 चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा राज्यात 1 फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला आणि सुमारे 7 कोटी लोकांना धान्य कायद्याने मिळू लागले. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदय कुटुंबाला सरसकट 35 किलो. तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये, भरड धान्य एक रुपया. जानेवारी 2023 पासून तेही पैसे द्यावे लागत नाहीत. देशभरात 81 कोटींवर माणसे यात येतात.

तरीही जुन्या कार्डात एक मोठी खोट होती. कार्ड दुकानाला बांधलेले असे. माणूस कामासाठी बाहेर पडला की त्याचा हक्क मागे गावात राही. घुग्घुसला येणाऱ्या कंत्राटी मजुराला गावी स्वस्त धान्याचा हक्क असूनही इथे बाजारभावाने तांदूळ घ्यावा लागे, आणि तिकडे त्याच्या नावाचे धान्य दुसराच कोणी उचले किंवा कागदावरच वाटले जाई.

‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेने ही गाठ सोडवली. ऑगस्ट 2019 मध्ये राज्यांच्या दोन जोड्यांत सुरुवात झाली: आंध्र प्रदेश-तेलंगणा आणि गुजरात-महाराष्ट्र. मग टाळेबंदी आली, मजुरांचे तांडे महामार्गांवरून चालत निघालेले सगळ्यांनी पाहिले. 29 जून 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या राज्यांना 31 जुलैपर्यंत योजना लागू करायला सांगितले. 2022 मध्ये आसाम आला आणि देशाचा नकाशा पूर्ण झाला.

यंत्रणा कशी चालते ते पाहण्यासारखे आहे. दुकानदार ई-पॉस मशीनमध्ये कार्डाचा किंवा आधारचा क्रमांक टाकतो. कार्ड परराज्यातले असेल तर विचारणा केंद्राच्या प्रणालीकडे जाते. तिथून उत्तर येते की या कुटुंबात इतकी माणसे, या महिन्याचा हक्क इतका, त्यातला इतका उचलला, इतका बाकी. अंगठ्याचा ठसा आधारच्या नोंदीशी पडताळला जातो, मग पावती निघते. यातली सर्वांत शहाणपणाची सोय म्हणजे हक्काचे तुकडे करता येतात. घुग्घुसला राहणाऱ्याने आपल्यापुरते दहा किलो उचलले तर उरलेले गावी बायको-मुलांना उचलता येते. इकडे पावती निघाली की तिकडच्या दुकानातल्या मशीनवर शिल्लक घटलेली दिसते. दोन्हीकडे एकच धान्य दोनदा मिळत नाही, आणि कोणाचे बुडतही नाही. परराज्यातल्या व्यवहारांपेक्षा राज्याच्या आतले व्यवहार कितीतरी जास्त होतात. गडचिरोलीचे कुटुंब चंद्रपूरला कामाला आले तर त्यालाही हीच सोय लागते.

पाच माणसांच्या कुटुंबाला महिन्याला 25 किलो धान्य मिळते. बाजारात साध्या धान्याचा भाव किलोला 35 रुपये धरला तर महिन्याचे 875 रुपये वाचले, वर्षाचे 10,500. एवढी बचत देणारे सुपरमार्केटचे कूपन कोणी छापणार नाही.

यातला तांदूळ बऱ्याचदा जवळचाच असतो. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही हा चंद्रपूरचा धानपट्टा, आणि पलीकडे सगळा गडचिरोली. पणन महासंघ आणि आदिवासी विकास महामंडळ हमीभावाने धान घेतात, गिरणीवाले भरडून देतात आणि क्विंटलमागे साधारण 67 किलो तांदूळ सरकारजमा करतात. त्यात पुढे शंभर दाण्यांमागे एक दाणा पोषणयुक्त मिसळला जाऊ लागला. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 मिसळून यंत्रातून काढलेला. महाराष्ट्रात याचा प्रयोग आधी गडचिरोली जिल्ह्यात झाला. हा दाणा रंगाने थोडा वेगळा, पाण्यात कधी तरंगणारा, म्हणून ‘प्लास्टिकचा तांदूळ’ अशी हाकाटी गावोगाव उठली आणि बायका तो निवडून फेकू लागल्या. ज्या दाण्यात लोह घातले तोच सुपातून बाहेर जातो, हे पाहून वाईट वाटते. पण न सांगता कोणाच्या ताटात नवी वस्तू घातली तर संशय येणारच, आणि दोष निवडणारीला देता येत नाही.

अडचणी आणखी आहेत. फावडे-घमेले धरून किंवा सिमेंटमध्ये काम करून बोटांच्या रेषा झिजतात, मशीनला अंगठा ओळखू येत नाही, मग डोळ्याची बुबुळे किंवा मोबाइलवरचा ओटीपी असे पर्याय शोधावे लागतात. रेंज गेली की रांग थांबते. राज्य सरकार आपल्या पैशाने जे देते ते परराज्यातल्या कार्डाला मिळत नाही. 2022 च्या दिवाळीत महाराष्ट्राने शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल यांचा ‘आनंदाचा शिधा’ दिला, तो इथल्या कार्डांपुरता होता. आणि स्वयंपाकघरातला खरा खर्च तेल, डाळ, तिखट-मीठ, भाजी यांचा. तो कंट्रोलच्या दुकानात भागत नाही, त्यासाठी आठवडी बाजार आणि किराणा दुकानातली उधारीची वही आहेच.

बाहेरून कामाला आलेल्यांनी एक गोष्ट करून घ्यावी. घरातल्या प्रत्येक माणसाचे ई-केवायसी लागते, आणि त्यासाठी गावी जाण्याचे भाडे खर्च करायचे कारण नाही. ते जवळच्या कोणत्याही रास्त भाव दुकानात होते. दुकानदाराने परराज्यातले कार्ड आहे म्हणून परत पाठवले तर 14445 हा टोल फ्री क्रमांक याच तक्रारींसाठी आहे.