गाणी जात नाहीत, यादी जाते



आपल्यापैकी बऱ्याच जणांनी घरातल्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून घेतल्या आहेत. मीही माझ्या वडिलांनी गणेशोत्सवात गायलेली नाट्यपदे अशीच उतरवली. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक, त्याला जोडलेली हार्ड डिस्क आणि लिरियन म्युझिक सर्व्हर हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर आमचे काम चालते. याच सॉफ्टवेअरचे पूर्वीचे नाव लॉजिटेक मीडिया सर्व्हर. लॉजिटेकने २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्स प्लेअर बनवणे बंद केले, पण सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले असल्याने हौशी मंडळींनी ते चालू ठेवले आहे.

पावसाळ्यात एकदा रात्री वीज गेली. सकाळी फोनवर सर्व्हरचे पानच उघडेना. आईने विचारले, “आज ह्यांचं गाणं नाही लावलंस?” माझ्या पोटात गोळा आला.

पहिले कारण साधे निघाले. वीज परत आल्यावर राउटरने पायला नवा पत्ता दिला होता. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते. तिथून नवा पत्ता घेतला, त्यापुढे कोलन आणि ९००० लिहिले आणि पान उघडले. असे पुन्हा होऊ नये म्हणून राउटरमध्ये तो पत्ता पायसाठी राखून ठेवला.

पान उघडले, पण गाणी शून्य! घाबरून डिस्क काढली आणि विंडोजच्या लॅपटॉपला लावली. लगेच प्रश्न आला, डिस्क फॉरमॅट करायची का? इथे ‘हो’ म्हणालो असतो तर वडिलांचा आवाज कायमचा गेला असता. लिनक्सच्या पद्धतीने तयार केलेली डिस्क विंडोजला वाचता येत नाही, म्हणून ते असे विचारते. डिस्क खराब झाली आहे असा त्याचा अर्थ नव्हे. नेहमी ‘नाही’ म्हणावे.

बँकेच्या भाषेत सांगतो. सर्व्हर दाखवतो ते खातेवहीचे पान, रोकड तिजोरीत म्हणजे डिस्कवर असते. पान कोरे दिसले म्हणून तिजोरी रिकामी ठरत नाही.

खरी अडचण विजेची होती. पाय ४ च्या चारही यूएसबी जागा मिळून १.२ अँपिअरच देतात. माझ्या डिस्कला ते पुरेना, म्हणून ती मधूनच बंद पडे आणि सर्व्हरला फोल्डर रिकामे दिसे. वेगळा ॲडॅप्टर असलेला यूएसबी हब आणून डिस्क त्यावर लावली. मग सेटिंग्जमध्ये गाण्यांचे फोल्डर बरोबर आहे ना ते पाहिले आणि जुनी यादी पुसून सर्व फायली पुन्हा तपासण्याचा पर्याय निवडला. या पर्यायाने फक्त यादी पुसली जाते, गाण्यांना धक्का लागत नाही. थोड्या वेळात सगळी पदे जागेवर आली.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा: आधी पत्ता, मग डिस्क, मग फोल्डर, शेवटी फेरतपासणी. आणि यापैकी काहीही करण्याआधी दुसऱ्या डिस्कवर एक प्रत हवीच. माझी प्रत आता धाकट्या भावाच्या घरी असते. एकाच तिजोरीवर विसंबू नये, हे मला नोकरीतच कळायला हवे होते!

त्या संध्याकाळी गाणे सुरू झाले. आई काही बोलली नाही, नुसता मांडीवर ताल धरला.