व्हिसावरचा एक शब्द

रायगड-रत्नागिरीच्या आपल्या वस्त्यांत गल्फचा ड्रायव्हर नाही असे गाव शोधूनही सापडणे कठीण. तरीही दरवर्षी तीच फसगत नव्या घरात होते. माझ्या मामूंच्या घरीही ती झाली.

मामेभाऊ बारा वर्षे न्हावा-शेवा बंदरातून कंटेनर वाहत होता. ट्रेलर मागे घेऊन अरुंद गोदामात लावायचा तर त्यानेच. एजंटने सौदीचा व्हिसा दाखवला, एक लाख चाळीस हजार मागितले. व्याजाचे कर्ज नको म्हणून मामींनी बांगड्या विकल्या. दम्माममध्ये उतरल्यावर इकामा हाती आला आणि कळले की हा ट्रकचा नाही, घरच्या गाडीचा ड्रायव्हर आहे. एजंट म्हणाला होता, "आधी पोहोच, तिकडे नाव बदलून घेऊ."

सौदी व्हिसावर व्यवसाय अरबीत लिहिलेला असतो. 'सायिक खास' म्हणजे खासगी, घरचा चालक. 'सायिक शाहिना' म्हणजे ट्रकचालक. आपल्या घरात कुरआन वाचणारे कोणी ना कोणी असतेच. अर्थ कळला नाही तरी खे, अलिफ, स्वाद ही तीन अक्षरे ओळखायला कितीसा वेळ लागतो? पण तो कागद घरातल्या बायकांना दाखवायची आपल्याकडे पद्धतच नाही. पैसे मात्र त्यांच्याच दागिन्यांतून येतात!

हा फरक नुसत्या नावाचा नाही. घरचा ड्रायव्हर तिथे घरकामगारांत मोडतो आणि सौदीच्या कामगार कायद्याबाहेर राहतो; त्याच्यासाठी वेगळे नियम आहेत. २०२१ च्या मार्चपासून कंपनीच्या कामगाराला काही अटींवर मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलता येऊ लागली, त्या सवलतीतूनही घरचे ड्रायव्हर वगळले गेले. भावाला कफीलने चार महिन्यांनी एका ओळखीच्याच्या ट्रेलरवर पाठवले. दम्माम ते रियाध, सुमारे चारशे किलोमीटर. भाऊ खूश झाला, आवडते काम मिळाले म्हणून. पण दुसऱ्याच्या कफालतीवर काम करणे गुन्हा आहे. एका नाक्यावर इकामा तपासला आणि तो थेट कोठडीत गेला. अकराव्या महिन्यात एका बॅगेसह परत आला. यालाही आम्ही अल्लाहची कृपाच मानतो, कारण त्या फेऱ्यांत अपघात झाला नाही.

झाला असता तर? रस्त्यावर चुकून माणूस दगावला तर दियत द्यावी लागते. सौदीत ती तीन लाख रियाल आहे, अमिरातीत दोन लाख दिरहम. रियालचा हिशेब साठ लाख रुपयांच्या वर जातो. ही रक्कम साधारणपणे गाडीचा विमा भरतो. पण चालकाकडे त्या वर्गाच्या गाडीचे लायसन्सच नसेल, तर विमा कंपनी ती चालकाकडून वसूल करू शकते. तोवर सुटका अडते, ते वेगळेच.

लायसन्सचा भ्रमही काढून टाकायला हवा. भारताचे हेवी लायसन्स ही अनुभवाची पावती आहे, तिथला परवाना नव्हे. अमिरातीत हेवी गाडीसाठी ड्रायव्हिंग स्कूल आणि परीक्षा आहेच. गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, स्टिअरिंग डावीकडे असते. बारा वर्षांचा हातही सुरुवातीला चुकतो. परीक्षेचा खर्च कोणाचा आणि पास होईपर्यंत पगार मिळणार का, हे निघण्यापूर्वी विचारावे.

विचारावे म्हणजे लिहून घ्यावे. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकरहची २८२ वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे. करारात मूळ पगार किती आणि फेरीचा भत्ता किती, हे वेगवेगळे असावे. एजंट दोन्ही मिळून मोठा आकडा सांगतो. पण अमिरातीत नोकरी संपतानाची ग्रॅच्युइटी मूळ पगारावरच मोजतात. सौदीत 'साहेर'च्या कॅमेऱ्यांचे दंड कोणी भरायचे, तेही लिहावे.

एजंट परवानाधारक आहे का, हे भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नाव टाकले की दिसते. कायद्याने त्याला सेवाशुल्क जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढेच घेता येते. भावाने एक लाख चाळीस हजार दिले, पावती एकाचीही नाही. दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट ईसीआर असतो. त्यांना नोकरीसाठी गल्फला जाताना इमिग्रेशन क्लिअरन्स आणि दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा लागतो. हा त्रास वाचवतो म्हणून एजंट व्हिजिट व्हिसावर न्यायला बघतात. त्या वाटेने गेलेल्याची नोंदच राहत नाही. अडचण आलीच तर आपल्या दूतावासात जावे, घरच्यांनी इथून 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवावी. आमच्या घरात हे कोणालाच माहीत नव्हते.

भाऊ पुन्हा न्हावा-शेव्याला कंटेनर ओढतो. आता धाकट्याचे नाव जेद्दाहच्या एका कंपनीसाठी आले आहे. व्हिसाचा कागद मामींनी चष्मा लावून स्वतः वाचला. शीन, अलिफ, हे… अक्षरे बरोबर आहेत. करार अजून आलेला नाही, म्हणून पैसेही अजून दिलेले नाहीत.