आच आणि ओव्हन दोन्ही सोसणारे भांडे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मांस, कडधान्ये किंवा कंदमुळे आधी शेगडीवर तेलात परतून घ्यायची आणि मग रस्सा घालून, झाकण लावून तेच भांडे दोन-तीन तास ओव्हनच्या मंद उष्णतेत ठेवायचे, ही युरोपीय स्वयंपाकातील जुनी रीत आहे. त्यासाठी लागणाऱ्या खोल, जाड बुडाच्या आणि घट्ट झाकणाच्या भांड्याला कॅसरोल म्हणतात. (पोळ्या गरम ठेवण्यासाठी याच नावाने विकला जाणारा प्लास्टिकचा डबा ही अगदी वेगळी वस्तू असून ती आचेजवळही नेऊ नये.)

या भांड्याच्या निवडीतील सर्वांत महागात पडणारा गैरसमज असा की, जे ओव्हनमध्ये टिकते ते शेगडीवरही टिकते. वस्तुस्थिती वेगळी आहे. ओव्हनमधील तापलेली हवा भांड्याला सर्व बाजूंनी आणि सावकाश वेढते, तर गॅसची ज्योत केवळ बुडाला, तीही कड्याच्या आकारात, एकदम तापवते. गोव्यात बेबिंक हे थरांचे गोड पक्वान्न भाजताना भांड्यावर निखारे ठेवण्याची प्रथा पडली ती वरून उष्णता देण्याचे काम खालच्या विस्तवाला जमत नाही म्हणूनच. काच उष्णतेची मंद वाहक असल्यामुळे ज्योतीवरचा भाग प्रसरण पावतो, शेजारचा भाग मात्र थंडच राहतो आणि त्या ताणाने भांडे तडकते. १९१५ मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने ‘पायरेक्स’ या नावाने स्वयंपाकासाठी बाजारात आणलेली बोरोसिलिकेट काच, म्हणजे बोरॉनचे संयुग मिसळलेली काच, साध्या काचेच्या जेमतेम एक-तृतीयांश इतकीच प्रसरण पावते, आणि म्हणून ती ओव्हनमध्ये निभावते. तरीही उघड्या ज्योतीसाठी ती नाही. चिनी मातीच्या चकचकीत भांड्यांनाही हाच नियम लागू होतो. याला ठळक अपवाद काच-सिरॅमिकचा, म्हणजे आत सूक्ष्म स्फटिक वाढवलेल्या काचेचा. कॉर्निंगमधील संशोधक डोनाल्ड स्टूकी यांच्या भट्टीचे तापमान १९५३ मध्ये चुकून ठरवल्यापेक्षा कितीतरी वर गेले, आतील काच वितळण्याऐवजी पांढरी अपारदर्शक झाली आणि हातातून पडूनही फुटली नाही. त्यातून आलेली ‘कॉर्निंगवेअर’ भांडी शेगडीवरही चालत असत. पुढे त्याच नावाखाली भाजलेल्या मातीची भांडीही विकली गेली, जी आचेवर चालत नाहीत. तेव्हा नावापेक्षा भांड्याच्या बुडावरील सूचना वाचणे अधिक भरवशाचे.

दुसरा गैरसमज बिडाविषयी, म्हणजे ओतीव लोखंडाविषयी आहे. बीड उष्णता सर्वत्र सारखी पसरवते असे मानले जाते. प्रत्यक्षात त्याची उष्णतावाहकता अ‍ॅल्युमिनियमच्या सुमारे चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकीच असल्यामुळे मोठ्या आचेवर ठेवलेल्या बिडाच्या भांड्यात ज्योतीवरचा भाग करपतो आणि कडा कोमट राहतात. बिडाचा खरा गुण उष्णता धरून ठेवण्याचा आहे. जाड आणि घन असल्यामुळे ते एकदा सावकाश तापले की थंड मांस घातल्यानेही पटकन निवत नाही, आणि तासन्‌तास मंद शिजवण्यासाठी नेमके हेच हवे असते. फ्रान्समध्ये १९२५ मध्ये स्थापन झालेल्या ‘ल क्रूझे’ने प्रसिद्ध केलेली रंगीत भांडी म्हणजे हेच बीड, त्यावर एनॅमलचा थर दिलेले. एनॅमल हा रंग नव्हे आणि नॉनस्टिक लेपही नव्हे. ती भट्टीत धातूवर वितळवून बसवलेली काच आहे. म्हणूनच उघड्या बिडाला न मानवणारी चिंच, आमसूल किंवा टोमॅटो त्यात खुशाल शिजवावेत. मात्र रिकामे भांडे तापवल्यास किंवा तापलेल्या भांड्यावर गार पाणी ओतल्यास थराला तडे जातात, आणि आतील थराचे टवके उडू लागले तर ते अन्नात येण्याची भीती असल्यामुळे भांडे वापरातून काढणेच योग्य.

परतल्याने मांसाचा रस आत कोंडला जातो ही समजूत एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्या प्रतिपादनामुळे रूढ झाली. प्रत्यक्षात परतताना येणारा चरचर आवाजच मुळी बाहेर पडणाऱ्या पाण्याचा असतो. परतण्याचा लाभ चवीचा आहे, कारण प्रथिने आणि शर्करा यांच्यातील मेलार्ड प्रक्रियेने पृष्ठभाग तपकिरी होतो आणि बुडाला धरलेली खरवड रश्शात उतरून त्याला गडद, खमंग चव देते. ती खरवड परक्या कढईत राहून जाऊ नये, यासाठीच एकाच भांड्याचा आग्रह. भांड्याचा आतला भाग फिकट रंगाचा असेल तर खरवड तपकिरी आहे की करपली, हे एका नजरेत कळते. ही सोय दुकानात क्वचितच कोणी सांगते.

भांड्याचे अंग दणकट असले की झाले, ही समजूतही अपुरी आहे, कारण उष्णतेची मर्यादा सर्वांत कमकुवत भाग ठरवतो. बेकेलाइटची मूठ साधारण १८०–१९० अंश सेल्सिअसपर्यंतच निभावते. नॉनस्टिक लेपाची सुरक्षित मर्यादा सुमारे २६० अंश मानली जाते. आणि कल्हईतील कथील २३२ अंशांना वितळत असल्यामुळे कल्हईचे पातेले प्रखर ओव्हनमध्ये ठेवू नये. धातूचीच मूठ आणि धातूचेच कान असलेले, तिहेरी थरांचे स्टील हा हलका आणि चांगला पर्याय आहे. त्यातील मधला अ‍ॅल्युमिनियमचा थर काठापर्यंत गेलेला असावा.

आकाराच्या बाबतीत ‘मोठे घेतलेले बरे’ हा सल्ला फसवा ठरतो. अर्धे रिकामे राहणाऱ्या रुंद भांड्यात रस्सा लवकर आटतो, तर चार ते सहा माणसांसाठी चार-पाच लिटरचे भांडे पुरते. एनॅमल दिलेल्या बिडाचे असे भांडे झाकणासह पाच किलोच्या आसपास भरते, तेव्हा भरलेले भांडे दोन्ही हातांनी ओव्हनमधून उचलता येईल का, याचा विचार आधीच करावा. लांबट भांड्याची टोके गोल बर्नरवर थंड राहत असल्यामुळे शेगडीवर परतण्यासाठी गोल भांडेच सोयीचे. घरी ओटीजी असेल तर खरेदीपूर्वी जाळीपासून वरच्या तापदांड्यापर्यंतची उंची आणि आतली रुंदी पट्टीने मोजावी, आणि त्यात भांड्याचे कान व झाकणाची मूठही धरावी.