संघ निवडणाऱ्याची परीक्षा

उत्तर अमेरिकेत हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. पायांत स्केट घातलेले खेळाडू चेंडूऐवजी रबराची कठीण चकती गोलात मारतात. तेथील ‘नॅशनल हॉकी लीग’ या व्यावसायिक स्पर्धेत प्रत्येक संघाला एक महाव्यवस्थापक असतो. संघात कोणाला घ्यावे, कोणाला किती पगार द्यावा, कोणाला देऊन बदल्यात कोणाला आणावे, हे तो ठरवतो. २००५ सालापासून संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा आहे. त्यामुळे एकाला जास्त दिले, की दुसऱ्यासाठी कमी उरते.

अशा माणसाचा निर्णय बरोबर की चूक, हे ओळखायचे कसे? ‘निकाल पाहा’ असे आपण चटकन म्हणू. पण एक उदाहरण पाहू.

२९ जून २०१६ रोजी एडमंटन संघाचे महाव्यवस्थापक पीटर चिआरेली यांनी टेलर हॉल हा आघाडीचा खेळाडू न्यू जर्सी संघाला दिला आणि बदल्यात ॲडम लार्सन हा बचावपटू घेतला. आधीच्या हंगामात एडमंटनचे ७० गुण होते. पुढच्या, २०१६-१७ च्या हंगामात ते १०३ झाले आणि २००६ नंतर प्रथमच संघ बाद फेरीत पोहोचला. म्हणजे सौदा उत्तम! पण २०१७-१८ मध्ये एडमंटन ७८ गुणांवर घसरला, आणि हॉल स्पर्धेतील सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. म्हणजे सौदा फसला! निर्णय एकच, निवाडे मात्र दोन.

प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो. रोपाचे खत आणि पाणी दोन्ही बदलले, तर वाढ कशामुळे झाली हे सांगता येत नाही. एडमंटनचेही तसेच झाले. त्यांचा तरुण खेळाडू कॉनर मॅकडेव्हिड याचे गळपट्टीचे हाड मोडल्यामुळे तो २०१५-१६ मध्ये ८२ पैकी ४५ च सामने खेळला होता. पुढच्या वर्षी तो सर्व ८२ सामने खेळला आणि वैयक्तिक गुणांत स्पर्धेत पहिला आला. मग संघ वर गेल्याचे सगळे श्रेय लार्सनच्या सौद्याला कसे देता येईल?

दुसरी अडचण योगायोगाची. त्यासाठी वर्गात एक प्रयोग करा. डब्यात सारख्या आकाराच्या दहा चिठ्ठ्या टाका. एकीवर फुली करा. ती म्हणजे गोल. डबा हलवून, न पाहता एक चिठ्ठी काढा, नोंद करा आणि ती परत टाका. असे २०० वेळा करा. अपेक्षित गोल २०. पण दर दहांपैकी सुमारे सात विद्यार्थ्यांचेच गोल १६ ते २४ या दरम्यान येतील, बाकीच्यांचे त्याबाहेर. तीस विद्यार्थी असतील, तर सर्वांत मोठा आकडा २८ च्या आणि सर्वांत लहान १२ च्या आसपास यावा. कौशल्य मात्र सर्वांचे सारखेच!

आता समजा, एखाद्या महाव्यवस्थापकाने २८ गोल पाहून त्या ‘खेळाडू’ला मोठ्या पगारावर अनेक वर्षांसाठी करारबद्ध केले. पुढच्या वर्षी त्याचे गोल बहुधा पुन्हा २० च्या जवळ येतील. लोक म्हणतील, पैसा मिळाला आणि हा आळशी झाला! खरे पाहता तो फक्त सरासरीकडे परतला. खऱ्या खेळाडूंत कौशल्याचा फरक असतोच. पण एका हंगामाच्या आकड्यात कौशल्य किती आणि योगायोग किती, हे आधी तपासावे लागते.

म्हणून निवाडा देताना तीन प्रश्न विचारावेत. त्या दिवशी काय माहीत होते? त्यानंतर आणखी काय बदलले? आणि या माणसाच्या सर्व निर्णयांचा मिळून काय हिशेब येतो?

चिआरेली यांच्या सौद्याला पहिला प्रश्न लावू. एडमंटनला चांगल्या बचावपटूची गरज होती, हे खरे. पण हॉल तेव्हा २४ वर्षांचा होता आणि नुकत्याच संपलेल्या हंगामात संघात सर्वाधिक वैयक्तिक गुण त्याचेच होते. एवढा खेळाडू देऊन एकच बचावपटू घेणे महाग आहे, अशी टीका त्याच दिवशी झाली होती. ती टीका रास्त होती. २०१७-१८ चा निकाल काहीही लागला असता, तरी ती रास्तच राहिली असती.